सरकारी अनुदानावर धंदा उभा करायचाय? मराठवाड्यातल्या एकट्या उद्योजकासाठी, गटासाठी आणि स्टार्टअपवाल्यांसाठी पूर्ण वाट

व्हॉट्सॲपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरतोच, ३५ टक्के सबसिडी, ५० लाखापर्यंत कर्ज, आजच अर्ज करा. मग आठवडाभर फोन सुरू, दादा आपल्याला बसतंय का बघा ना. बसतंय की, आपल्याकडच्या बऱ्याच जणांना बसतंय. पण त्या मेसेजमध्ये एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते, ती म्हणजे सरकारचा पैसा सगळ्यात शेवटी येतो. आधी तुमच्या खिशातला, मग बँकेचा, मग मशीन, मग माल, मग तपासणी, आणि तेव्हा कुठं अनुदान. हे एकदा डोक्यात बसलं की कुठली स्कीम घ्यायची, रिपोर्ट कसा करायचा, कोणाला आधी भेटायचं, हे सगळं त्यावरनंच ठरत जातं.

लेख लांब आहे. एकट्याचं युनिट टाकायचं असेल तर सुरुवातीचा भाग नीट वाचा, दहा-वीस जणांनी मिळून काही करायचं असेल तर गटाचा भाग आहे, स्टार्टअपवाल्या पोरांचं शेवटाकडं.

फाईल कुठल्या दारात जाणार ते आधी ठरवा

एकट्यानं नवीन युनिट टाकायचं असेल तर तीन नावं लक्षात ठेवा. पहिली केंद्राची पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, २००८ पासून चालू आहे, उत्पादनाला ५० लाख न सेवा धंद्याला २० लाखापर्यंतचा प्रकल्प चालतो, वय १८ च्या पुढं कितीही. दुसरी राज्याची सीएमईजीपी म्हणजे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, २०१९ ला आली, पद्धत जवळपास तीच, फक्त महाराष्ट्राचा रहिवासी पायजे. हिच्यातली वयाची न प्रकल्प खर्चाची मर्यादा जीआर म्हणजे शासन निर्णय काढून अधनंमधनं बदलतात, म्हणून कोणी दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचा ताजा जीआर उघडायचा. तिसरी पीएमएफएमई म्हणजे केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, २०२० ची, फक्त खाण्याच्या पदार्थांवर प्रक्रिया करणाऱ्यांसाठी, ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख. आपल्या राज्यात ती कृषी विभागाकडं आहे आणि हिच्यात जुनी गिरणी, जुनी दालमिल वाढवायलाही मिळतं, पहिल्या दोन्हींना युनिट कोरं नवीन लागतं. पीएमएफएमईची मुदत केंद्र वाढवत नेतं, त्यामुळं अर्ज घेणं चालू आहे का हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा आणि मगच कोटेशन गोळा करत फिरा.

अण्णासाहेब पाटील महामंडळाचं काम वेगळं आहे, तिथं भांडवलावर अनुदान नाही, व्याजाचा परतावा आहे. वैयक्तिक कर्ज १५ लाखापर्यंत, व्याज परतावा साडेचार लाखाच्या मर्यादेत. मराठा समाजातल्या आणि ज्यांना स्वतःचं वेगळं महामंडळ नाही अशा पोरांना हे बरं पडतं. पण क्रम उलटा करू नका, आधी महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र, मग बँकेची मंजुरी. आणि हप्ता आधी तुम्ही वेळेवर भरायचा, व्याज नंतर खात्यात येतं. बघा, इथंसुद्धा सरकार शेवटीच.

मोठं युनिट असेल, कोटीच्या वर, तर राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, १९६४ पासून वेगवेगळ्या रूपात चालत आलेली, तिच्यात तालुक्यांचे गट पाडलेले असतात आणि मराठवाड्याचे बहुतेक तालुके जास्त सवलतीच्या गटात बसतात. तो वेगळाच विषय आहे, चांगला सीए धरा.

अनुदानाचे टक्के बघायचे तर पीएमईजीपीत खुल्या गटाला शहरात १५, गावात २५. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५, गावात ३५. स्वतःचा हिस्सा खुल्या गटाला १० टक्के, बाकीच्यांना ५. म्हणून तर निम्म्या फाईली बायकोच्या नावानं येतात. काही वाईट नाही त्यात, पण मग धंदा तिला माहीत पायजे. बँकेत साहेब प्रश्न तिलाच विचारतात, आणि नवरा शेजारून उत्तरं द्यायला लागला की फाईल तिथंच गार. तिला कोटेशन आणायला सोबत न्या, मशीनवाल्याशी तिलाच बोलू द्या, आपोआप तयारी होते.

आता आकडा कागदावर मांडा, अर्ज नंतर

वसमतकडं हळद पावडरचं युनिट धरू. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हिंगोलीचं पीएमएफएमईमधलं एक जिल्हा एक उत्पादन पण हळदच, म्हणजे विषय पक्का आहे. समजा पीएमईजीपीतून, गावात, अर्जदार बाई, प्रकल्प २० लाखाचा. शेड न मशिनरी मिळून १३ लाख, खेळतं भांडवल ७ लाख. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, हे बरेच जण विसरतात.

अनुदान ३५ टक्के म्हणजे ७ लाख. स्वतःचे ५ टक्के म्हणजे १ लाख. बँक देणार १९ लाख. आता लोकांना वाटतं ७ लाख खात्यात येतील न आपण काढू. तसं नसतंय. ते ७ लाख बँकेत अर्जदाराच्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतात, त्यावर तुम्हाला व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक तुमच्याकडून व्याज घेत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे असं तपासणीत दिसलं की ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे व्याजाच्या हिशोबानं तुमचं कर्ज १२ लाखाचं झालं, पण कधीपासून? ती ठेव जमा झाल्यापासून. तोपर्यंत १९ लाखावर.

सोयीसाठी सगळं मुदत कर्ज धरलं, ११ टक्के व्याज, ५ वर्षं, तर १९ लाखाचा हप्ता महिन्याला ४१,३०० च्या आसपास, आणि १२ लाखाचा २६,१००. फरक १५ हजाराचा. अनुदान यायला महिनोन्महिने लागू शकतात, तेवढे दिवस ४१ हजार कुठून आणणार हा प्रश्न स्वतःला विचारा. झेपत असेल तर पुढं जा, नसेल तर प्रकल्प १२-१४ लाखावर आणा. अनुदान जास्त मिळावं म्हणून प्रकल्प फुगवणारे लई बघितलेत, जास्तीचं अनुदान मिळतं पण हप्ता पण जास्तीचाच येतो ना.

दुसरा हिशोब खेळत्या भांडवलाचा, आणि माझ्या मते धंदे इथंच बसतात. हळद बाजारात येते मार्च ते मे, भाव त्यातल्या त्यात बरा असताना तेव्हाच घेऊन ठेवायची असते न पावडर विकायची वर्षभर. क्विंटलला १४ हजार भाव धरला तर ७ लाखात ५० क्विंटल हळद येते. तुमचं पल्वरायझर म्हणजे दळायचं मशीन तासाला १०० किलो दळतंय, म्हणजे दिवसाला ८ क्विंटल. सगळी हळद सहा-सात दिवसात दळून संपली. मग? मशीन उभं, हप्ता चालू. म्हणून रिपोर्टमध्येच लिहा की दुसऱ्यांची हळद, मिरची, धने दळून देणार, जॉबवर्कचा दर किलोला इतका, हंगामात इतकं येतं. मशीन थोडं लहान घ्या, भांडवल जास्त ठेवा. मशीनवाला कधीच हे सांगणार नाही, त्याला मशीन विकायचंय.

आणि अजून एक, पीएमईजीपीत खेळत्या भांडवलाची सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, लागेल तसं काढायचं न भरायचं कर्ज) घेतली तर तीन वर्षांच्या मुदतीत ती एकदा तरी पूर्ण १०० टक्के वापरलेली दिसावी लागते आणि एरवी वापर ७५ टक्क्यांच्या खाली नको, असा नियम आहे. लिमिट मोठी मंजूर करून घेतली न वापरलीच नाही तर अनुदानाचा तेवढा हिस्सा परत मागतात.

सिबिल

सिबिल म्हणजे तुम्ही जुनी कर्जं कशी फेडली याची नोंद ठेवणारी कंपनी, बँक आधी तिचा रिपोर्ट बघते. अर्जाच्या आधी दोन-तीन महिने हे काम हातात घ्या. आपल्याकडं धंदा चांगला, माणूस चांगला, आणि फाईल सिबिलवर पडली, हे रोजचंच आहे. कारणं पण ठरलेली. पीककर्ज थकलेलं. भावकीत कोणाच्या तरी ट्रॅक्टरला जामीन राहिलेले. घरातल्या बाईच्या नावावर मायक्रोफायनान्सचे दोन-तीन गट, त्यातला एक हप्ता चुकलेला. मोबाईल ईएमआयवर घेतला न शेवटचे दोन हप्ते राहिले कारण दुकानदाराशी भांडण झालं.

कर्जमाफीवाल्यांचं वेगळंच. २०१७ च्या किंवा २०१९ च्या कर्जमाफीत खातं निल झालं, घरी सगळे खूश, पण रिपोर्टवर ते खातं सेटल्ड (तडजोडीत मिटवलेलं) नाहीतर राईट-ऑफ (बुडीत) म्हणून बसलेलं असू शकतं आणि बँकेला तेवढंच दिसतं. सिबिलसकट चार क्रेडिट कंपन्या आहेत, प्रत्येकीकडनं वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, कोणाला ५०० रुपये द्यायची गरज नाही. रिपोर्ट काढा, प्रत्येक ओळ वाचा, चुकीचं असेल तर त्या बँकेकडून नो ड्यूज पत्र घ्या आणि क्रेडिट कंपनीच्या साईटवर तक्रार टाका. ३० दिवसात तक्रार निकाली काढायची असते, त्याच्या पुढं गेलं तर रोजचे १०० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खरंच थकलेलं असेल तर भरून टाका, वन टाइम सेटलमेंट करून वाचवलेले १५ हजार पुढं लाखाच्या कर्जाला आडवे येतात.

जागा, लाईट, पाणी

सातबारा वडिलांच्या नावावर, त्यात तीन चुलते, वाटणी तोंडी. हे मराठवाड्यातलं सगळ्यात कॉमन चित्र आहे आणि बँक याच्यावर अडते. उपाय सोपा, जागेच्या मालकाशी रजिस्टर भाडेकरार करा, कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त वर्षांचा, वडील मालक असले तरी करा. सामाईक असेल तर सगळ्यांच्या सह्या. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. शेतजमिनीवर शेड टाकायचं तर तहसीलला विचारून घ्या, अकृषिकचं काय करावं लागतं ते, कारण नंतर महावितरण तेच कागद मागतं.

लाईटचं म्हणाल तर थ्री फेज औद्योगिक कनेक्शन मिळायला जवळ डीपी आहे का, किती पोल टाकावे लागतात, खर्च कोणाचा, हे अर्जाच्या आधी सब-डिव्हिजनला जाऊन विचारा आणि तो खर्च प्रकल्पात धरा. शेतीच्या लाईनवर युनिट चालवायचा विचार करू नका, आठ तासाची लाईट न ती पण रात्रीची. पाण्याचं सांगायला नको, उन्हाळ्यात टँकरनं किती पडेल ते लिहा, साहेबाला कळतं की हा माणूस इथलाच आहे.

प्रकल्प अहवाल

झेरॉक्सच्या दुकानात दीड हजारात प्रोजेक्ट रिपोर्ट मिळतो. घेऊ नका असं म्हणत नाही, आकड्यांचा साचा त्यातनं मिळतो, पण तोच रिपोर्ट, फक्त नाव बदलून, मॅनेजरनं त्या महिन्यात चार वेळा बघितलेला असतो. त्यात पहिल्याच वर्षी मशीन ८० टक्के क्षमतेनं चालतं न नफा तिप्पट. कोण विश्वास ठेवणार.

स्वतःचं असं चार पानांचं तरी जोडा. कच्चा माल कोणाकडून घेणार, कुठल्या आडतीतून, भाव काय होता मागच्या हंगामात. गिऱ्हाईक कोण, दोन-तीन दुकानदारांचं साध्या लेटरहेडवर लिहून आणा की हा माल आम्ही घेऊ. मशीनची तीन कोटेशन, जीएसटी नंबरवाली, आणि मशीन घेणाऱ्या आधीच्या एखाद्या माणसाला भेटून आलात तर त्याचं गाव लिहा. पहिल्या वर्षी ४०-५० टक्के क्षमता धरा. मॅनेजरच्या टेबलवरचं बोलणं साधारण असं चालतं:

"महिन्याला किती विकणार?"
"साहेब, सुरुवातीला १० क्विंटल."
"कोणाला?"
"परभणीत दोन किराणा होलसेलवाले, नि गावातला बचत गट पॅकिंग करून विकतो ते."
"उधारी किती दिवसाची?"
"होलसेलला ३० दिवस म्हणतेत, पण ४५ धरलेत साहेब."

त्या ४५ वर फाईल पुढं सरकते. उधारीचा विचार केलेला माणूस बँकेला आवडतो.

खाण्याच्या पदार्थाचं असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात जाऊन या. पीएमएफएमईत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांनी तुमची फाईल फुकट करून द्यायची असते, त्यांना सरकार प्रत्येक मंजूर प्रकरणामागं मानधन देतं. पैसे मागितले तर कृषी अधीक्षक कार्यालयात सांगा.

अर्ज ते मंजुरी

अर्ज ऑनलाईनच, सगळ्या स्कीमचा. लागणारे कागद म्हणजे आधार, पॅन, शिक्षणाचा दाखला, जातीचा दाखला, गावाचा लोकसंख्या दाखला, फोटो, रिपोर्ट, जागेचे कागद. शिक्षणाची अट पीएमईजीपीत उत्पादनाला १० लाखाच्या आणि सेवेला ५ लाखाच्या वर गेलात तरच, आठवी पास. उद्यम नोंदणी म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी पण लागते, ती पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅनवर दहा मिनिटात होते.

अर्जात बँकेची शाखा निवडताना डोकं लावा. जिथं तुमचं खातं चार-पाच वर्षं फिरतंय ती शाखा, जिल्ह्यातली सगळ्यात मोठी नाही. पीएमईजीपीत दुसरी पर्यायी शाखा पण देता येते, ती रिकामी सोडू नका. आणि ऑनलाईन अर्ज करायच्या आधी मॅनेजरला एकदा भेटा, वर वर विचारा, साहेब असा असा धंदा टाकतोय, तुमच्याकडं अर्ज टाकू का. त्यांचा चेहराच सांगतो. एप्रिल ते जुलै अर्ज टाकलेला बरा, वर्षाचं टार्गेट कोरं असतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये गर्दी न घाई.

जिल्हा उद्योग केंद्र छाननी करून अर्ज बँकेकडं पाठवतं. उद्योग केंद्रात शिपायापासून सगळे ओळखीचे करून घ्या, कामाला येतात. बँकेचा माणूस जागा बघायला येतो, तेव्हा घरी थांबा. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा नियम आहे, त्याच्या वर सीजीटीएमएसई हमी योजना आहे, तिच्यात तारणाऐवजी सरकारी ट्रस्ट बँकेला हमी देतो, तिची फी लागते पण बापाची जमीन गहाण टाकण्यापेक्षा ती परवडली. मॅनेजर स्वतःहून तिचं नाव काढत नाही, तुम्ही काढा.

नामंजूर झाली तर तोंडी ऐकून घरी येऊ नका. कारण लेखी मागा. मग जिल्हा अग्रणी बँकेचे व्यवस्थापक असतात त्यांच्याकडं ते पत्र घेऊन जा, जिल्हाधिकाऱ्यांच्या बँकर्स बैठकीत शाखानिहाय प्रलंबित प्रकरणांचा आढावा होतो, तिथं तुमचा नंबर निघाला पायजे. भांडायचं नाही, कागद फिरवायचा.

मंजुरी आली की उद्योजकता प्रशिक्षण करावं लागतं. एमसीईडी म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, त्याचं मुख्यालय आपल्या संभाजीनगरलाच आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांचं ऑफिस आहे. गावाकडच्या पोरांना ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जवळ पडते, राहणं-खाणं तिथंच फुकट. लोक याला सर्टिफिकेटपुरतं बघतात, पण जीएसटी न हिशोब ठेवणं तिथं शिकून घेतलं तर पुढं वर्षाला पंधरा-वीस हजार वाचतात.

आणि दलाल. "तुमचं कर्ज मंजूर झालंय, प्रोसेसिंगचे एवढे भरा" असं म्हणत सरकारी शिक्क्याचं पत्र व्हॉट्सॲपवर पाठवतेत, ते सगळं खोटं. या योजनांत कुठलंही ऑफिस गुगल पे वर पैसे मागत नसतंय. अनुदानातले दहा टक्के द्या न मी मंजूर करून देतो म्हणणारा पण तोच, फक्त गाडी घेऊन येतो.

दहा-वीस जणांनी मिळून: क्लस्टर

एकाला न झेपणारं मशीन सगळ्यांनी मिळून घ्यायचं आणि सरकारनं त्याचा मोठा हिस्सा द्यायचा, अशी ही कल्पना. आपल्याकडं ती चाललेली आहे. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, छोट्या वर्कशॉपवाल्याला टेस्टिंग न टूलरूमची जी सोय स्वतः उभी करायला कोट्यवधी लागतील ती तिथं भाड्यानं मिळते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी देवगिरी क्लस्टर केलं. १९८५ ला बजाजचा प्लांट वाळूजला आला, त्याच्याभोवती सप्लायर वाढले, आणि म्हणून ऑटो क्लस्टरला गिऱ्हाईक आधीपासून होतं. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी धंदे, मग सेंटर. उलटं केलेली सेंटरं कुलूप लावून बसलेली दिसतील.

केंद्राची एमएसई-सीडीपी म्हणजे छोट्या उद्योगांच्या क्लस्टरची योजना, २०२२ च्या नियमांप्रमाणं सामाईक सुविधा केंद्र ५ ते १० कोटीचं असेल तर ७० टक्के अनुदान, १० ते ३० कोटीचं असेल तर ६० टक्के. त्याहून लहान असेल तर राज्याचा औद्योगिक समूह विकास कार्यक्रम आहे. दोन्हींची सुरुवात जिल्हा उद्योग केंद्रातूनच.

भूम-वाशीकडच्या खवा भट्टीवाल्यांचं उदाहरण घेऊ, कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ ला जीआय मिळालंय. भट्टी प्रत्येकाची स्वतःची, ती तशीच राहू द्या. अडचण कुठं आहे? दूध जास्त झालं न भाव पडला की खवा ठेवायला जागा नाही, मिळेल त्या भावात गाडीत भरायचा. मग सामाईक काय लागेल, कोल्ड स्टोरेज, पॅकिंग लाईन, भेसळ तपासायची लॅब. हे ठरवायलाच पहिले सहा महिने द्या. बैठकीत सगळे हो म्हणतात, म्हणून प्रत्येकाकडून लिहून घ्या की महिन्याला किती किलो खवा या कोल्डमध्ये ठेवणार आणि किलोला किती भाडं देणार. त्या बेरजेत लाईटबिल न मॅनेजरचा पगार निघत नसेल तर अनुदान १०० टक्के मिळालं तरी करू नका.

मग निदान अहवाल, म्हणजे या भागात किती युनिट, काय अडचण, काय लागेल. मग कंपनी किंवा संस्था स्थापन करायची, तिला एसपीव्ही म्हणतेत. कमीत कमी दहा युनिट सभासद पायजेत, प्रत्येकाचं उद्यम वेगळं, आणि कोणा एकाचा हिस्सा १० टक्क्यांच्या वर नको. दहावर थांबू नका, एक जण फुटला की सगळं अडकतं, अठरा-वीस धरा. आणि एकाच घरातले चार जण घालून आकडा भरू नका, छाननीत पत्ता बघतात.

पैशाचं बघा, ६ कोटीचं सेंटर असेल तर ७० टक्के म्हणजे ४ कोटी २० लाख अनुदान, राहिले १ कोटी ८० लाख. राज्यानं काही दिलं तर दिलं, नाहीतर वीस सभासदांत प्रत्येकी ९ लाख. भट्टीवाल्याकडं ९ लाख आहेत का? नसतील तर बँकेचं कर्ज एसपीव्हीच्या नावावर, मग त्याचा हप्ता पुन्हा त्या भाड्यात धरा. आणि अनुदान एका दमात येत नाही, तुमचा हिस्सा खात्यात जमा झाला, तेवढं काम झालं, मग पुढचा टप्पा. मशीन खरेदी टेंडरनं, समितीसमोर. ओळखीच्या माणसाकडून घेऊ म्हणाल तर जमणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो जागेत. जागा एसपीव्हीच्या नावावर किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर लागते, अध्यक्षाच्या नावावरची चालत नाही. अध्यक्ष म्हणतो मी माझी एक एकर देतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि दोन वर्षांनी त्याचा भाऊ कोर्टात जातो. एमआयडीसीचा प्लॉट महाग पडला तरी तोच घ्या असं माझं मत आहे. निदान अहवालापासून सेंटर चालू होईपर्यंत तीन-चार वर्षं सहज जातात, गट तेवढा टिकायला पायजे, म्हणून सुरुवातीपासून एक पगारी माणूस ठेवा जो फक्त फाईलच्या मागं फिरेल. सभासदांनी आलटून पालटून मुंबईला जायचं ठरवलं की कोणीच जात नाही.

स्टार्टअपवाल्या पोरांसाठी

इथं दार बँकेचं नाही, इन्क्युबेटरचं आहे, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा, सल्ला न ओळखी देणाऱ्या संस्थेचं. संभाजीनगरला मॅजिक आहे, २०१६ ला इथल्याच उद्योजकांच्या संघटनेनं म्हणजे सीएमआयएनं उभं केलं, विद्यापीठात अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक नावाचं दहा हजार एकरांचं औद्योगिक शहर वसतंय, मोठ्या कंपन्या येतायत, त्यांचे छोटे छोटे प्रॉब्लेम सोडवणारं काही तुमच्याकडं असेल तर या लोकांच्या ओळखीनं तुम्ही त्या गेटच्या आत जाता. अनुदानापेक्षा हेच मोठं आहे असं मला वाटतं, पहिलं गिऱ्हाईक मिळणं.

पैशाचं बघितलं तर आधी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढा, डीपीआयआयटी म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची स्टार्टअप मान्यता घ्या, फुकट आहे. केंद्राच्या २०२१ च्या सीड फंड योजनेत प्रोटोटाईप म्हणजे पहिल्या नमुन्यासाठी २० लाखापर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरायला ५० लाखापर्यंत परतफेडीचं किंवा पुढं शेअर्समध्ये रूपांतरित होणारं भांडवल. अट अशी की अर्ज करताना कंपनी दोन वर्षांच्या आतली पायजे, त्यामुळं उत्साहात कंपनी आधी काढून ठेवू नका, ते दिवस मोजले जातात. आणि दुसऱ्या सरकारी योजनेतनं १० लाखाच्या वर रोख मदत आधीच घेतलेली असेल तर इथं बसत नाही. नुसता प्रोटोटाईप करायचा असेल तर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास आहे, १० लाखापर्यंत. शेतीतलं काही असेल, ठिबकचं सेन्सर, कापूस वेचायचं यंत्र, सोयाबीनची ग्रेडिंग, तर केंद्राच्या कृषी खात्याची आरकेव्हीवाय-रफ्तार योजना बघा, कल्पनेच्या टप्प्याला ५ लाख, पुढं २५ लाखापर्यंत. तिचं एक मोठं केंद्र हैदराबादच्या मॅनेज संस्थेत आहे, नांदेड-लातूरकरांना मुंबईपेक्षा जवळ.

राज्याकडनं स्टार्टअप वीक असतो, २०१८ पासून, जिंकणाऱ्याला सरकारी खात्याकडून वर्क ऑर्डर. अर्ज करताना "शेतकऱ्यांचं जीवन बदलणार" वगैरे लिहू नका, कुठल्या खात्याचं कुठलं काम तुम्ही किती रुपयात करून देता ते लिहा, उदाहरणार्थ एका पाणीपुरवठा योजनेची गळती मोजायचं यंत्र, बसवायला किती दिवस, किंमत किती. राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीकडून पेटंटचा खर्च ८० टक्के परत मिळायची सोय आहे, देशातल्या पेटंटला २ लाखापर्यंत, बाहेरच्याला १० लाखापर्यंत. हा परतावा आहे, म्हणजे आधी वकिलाचे पैसे तुम्ही भरायचे, पावत्या जपून ठेवायच्या, मग अर्ज.

सीड फंडाचे पैसे हप्त्यानं येतात, प्रत्येक हप्त्याआधी ठरवलेला टप्पा गाठल्याचं दाखवावं लागतं न खर्चाचा दाखला सीएकडून द्यावा लागतो. म्हणून अनुदानाचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, त्यातनं ऑफिसचा चहा पण नाही, आणि प्रत्येक खर्च बिलावर, चेकनं किंवा ऑनलाईन. रोखीत घेतलेला एक मोटर कंट्रोलर, बिल नाही, आणि पुढचा हप्ता त्याच्यावर थांबतो.